दुखणे मनाचे, भाषा कोणाची?

शरीराचे दुखणे आणि मनाचे दुखणे यांत एक भेद असा आहे की, तो वैद्यकाच्या पुस्तकांतून फारसा ठळकपणे मांडला जात नाही. हाड मोडले तर ते क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. मधुमेह रक्ताच्या थेंबात सापडतो. ताप मोजण्याची काचेची नळी मराठी जाणत नाही आणि कानडीही जाणत नाही. ती कोणाच्याही काखेत ठेवली तरी खरा तोच आकडा दाखविते. मनाच्या दुखण्याला अशी नळी नाही. तेथे रोग्याने बोलावयाचे आणि वैद्याने ऐकावयाचे, एवढीच तपासणी. रोगी काय बोलतो, कसे बोलतो, कोठे अडखळतो, कोणता शब्द गिळून टाकतो, यांवरूनच निदान करावयाचे असते. म्हणजे मानसोपचारात भाषा हेच तपासणीचे उपकरण आहे आणि पुष्कळदा तेच औषधही आहे.

हे एकदा ध्यानात घेतले की बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यातील मानसोपचाराचा प्रश्न निराळा दिसू लागतो. एरवी या विषयावर लिहिणारे खाटा मोजतात, डॉक्टर मोजतात, आणि विकसनशील देशात दोन्ही कमीच असावयाचे असे म्हणून उसासा टाकतात. तो उसासा खोटा नाही. परंतु सीमाभागात त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न आहे, आणि बडोदे, इंदूर, हैदराबाद, बंगळूर, तंजावर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आपल्या वाचकांना तो मुळीच परका वाटणार नाही: बाहेर एक भाषा आणि घरात दुसरी भाषा असलेल्या माणसाने आपल्या जिवाची तडफड कोणाला आणि कोणत्या भाषेत सांगावी?

प्रथम थोडा इतिहास. बेळगाव भागातील मनोरुग्णाला पूर्वापार वाट होती ती धारवाडची. धारवाडला 1845 साली वेड्यांचे इस्पितळ निघाले. त्या काळी बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात होते. पुढे नागपूरला 1864 मध्ये, रत्नागिरीला 1886 मध्ये आणि ठाण्याला 1901 मध्ये अशी इस्पितळे झाली. येरवड्याचे तर पुढे अडीच हजारांहून अधिक खाटांपर्यंत वाढले. आपल्या बोलण्यात ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘याला येरवडा दाखवा’ ही जी क्रूर थट्टा रुळली आहे, ती या भिंतींतून आली. सीमाभागात तिची जागा धारवाडने घेतली. बेंद्र्यांचे आणि जी. ए. कुलकर्ण्यांचे धारवाड, विद्येचे आणि पेढ्यांचे धारवाड. पण एखाद्या घरात ते नाव हलक्या आवाजात निघाले की ऐकणाऱ्याने समजावे, त्या घरात काहीतरी बिघडले आहे.

या इस्पितळांची रचना रुग्णाला बरे करण्यापेक्षा समाजाला त्याच्यापासून दूर ठेवण्यासाठी होती. 1912 च्या कायद्याचे नावच मुळी ‘वेडेपणाचा कायदा’ असे होते, आणि रुग्णाला आत घालण्याचे काम डॉक्टरपेक्षा मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने होई. 1946 साली भोर समितीने सबंध देशाचा हिशेब मांडला तेव्हा मनोरुग्णांसाठी साऱ्या हिंदुस्थानात सुमारे दहा हजार खाटा निघाल्या. चाळीस हजार माणसांमागे एक खाट! उरलेले कोठे होते? ते घरातच होते. माडीवरच्या खोलीत होते, गोठ्याशेजारी होते, देवळाच्या ओवरीत होते, आणि काही दावणीला बांधलेले होते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव व धारवाड हे दोन्ही जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. इस्पितळ जिथल्या तिथेच राहिले. बेळगावहून धारवाडचे अंतरही तेच राहिले. बदलली ती केसपेपरची भाषा. आज ते इस्पितळ धारवाड मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते, तेथे डॉक्टर शिकून तयार होतात, आणि जुन्या वेड्यांच्या इस्पितळाशी त्याची तुलना करणे अन्यायाचे होईल. रत्नागिरीचे मनोरुग्णालय निपाणीकराला घाट उतरून गाठावे लागते आणि ते दुसऱ्या राज्यात पडते. कोल्हापूर मात्र चाळीस किलोमीटरच्या आसपास. म्हणून ज्याच्या गाठीला पैसा आहे तो निपाणीकर कोल्हापूरचा किंवा मिरजेचा खाजगी डॉक्टर धरतो, तेथे मराठीत बोलतो आणि मोकळा होतो. ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याच्यासाठी सरकार आहे. आणि सरकारची भाषा वेगळी आहे.

येथे कर्नाटकाविषयी एक गोष्ट मनमोकळेपणाने सांगितली पाहिजे. विकसनशील देशांत मानसोपचार खेड्यापर्यंत कसा न्यावा, याचा भारतातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोग कर्नाटकातच झाला. बंगळूरची निम्हान्स ही संस्था 1974 साली आजच्या स्वरूपात आली. तिच्या डॉक्टरांनी आधी सकळवाड या खेड्यात काम करून पाहिले आणि मग 1980 नंतरच्या दशकात सबंध बळ्ळारी जिल्हा हाती घेतला. कल्पना साधी होती. मनोविकारतज्ज्ञ खेडोपाडी पोचणे शक्य नाही. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साध्या डॉक्टरालाच थोडके शिक्षण द्यावे, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी औषधे त्याच्या कपाटात ठेवावीत, आरोग्यसेवकांना घरोघरी रुग्ण ओळखावयास शिकवावे, आणि तज्ज्ञाने जिल्ह्याच्या ठिकाणी बसून अवघड रुग्ण तेवढे पाहावेत. फेफऱ्याचे रुग्णही याच कार्यक्रमात घेतले, कारण खेड्यात त्यांनाही ‘बाहेरचे’ म्हणूनच वागविले जाते. ही घडी बसू शकते, असे बळ्ळारीने दाखवून दिले. देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 साली मान्य झाला होता, पण तो बराचसा कागदावर होता. त्याला हातपाय मिळाले ते बळ्ळारीच्या नमुन्यामुळे. 1996 मध्ये त्यावरून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला आणि आज तो देशातील बहुतेक जिल्ह्यांत निदान नावाला तरी आहे. कर्नाटकाने पुढे ‘मनोचैतन्य’ या नावाने तालुक्याच्या रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ बसविण्याचा उपक्रमही काढला. कोणत्याही राज्याने हेवा करावा असे हे काम आहे.

आता दुसरी बाजू. निम्हान्सनेच 2015-16 मध्ये बारा राज्यांत मोठी पाहणी केली. तीत दर शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, असे आढळले. त्याहून जिव्हारी लागणारा आकडा उपचारांचा आहे. निरनिराळ्या विकारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांवाचून होते. म्हणजे दहा आजारी माणसांतली फार तर तीन, आणि काही विकारांत एकच, डॉक्टरपर्यंत पोचतात. (जाता जाता : या बारा राज्यांत कर्नाटक नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता. सीमाभाग कोणत्याही बाजूने मोजा, तो गणतीत आला नाही!)

माणसे का पोचत नाहीत, याची कारणे पाहणीतून आकड्यांत मिळतात, पण ती समजावयाची तर एखादे घर डोळ्यांसमोर आणावे लागते. समजा, निपाणीत विड्या वळणारी एक बाई आहे. निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि विड्या यांवर कितीतरी बायकांचा चरितार्थ चालत आला. दिवसभर मांडी घालून बसावयाचे, दृष्टी सुपावर, बोटे पानावर, आणि मजुरी हजारावर मोजलेली. तिचा हात मंदावला आहे. पहाटे तीनला जाग येते, जेवण नकोसे झाले आहे, लहान मुलाच्या रडण्यानेही आत काही हलत नाही. तिला विचारा, काय होते? ती ‘मी उदास आहे’ असे कधीच म्हणणार नाही. ती म्हणेल, अंगात त्राण नाही, डोके भणभणते, जिवाला चैन पडत नाही, कशात मन लागत नाही, पोटात कालवाकालव होते, काळीज धडधडते, नुसते विचार येतात. ‘विचार’ या एका शब्दात मराठी बाई किती दुःख भरते, हे ज्याच्या कानाला सवय आहे त्यालाच कळावे. ‘विचार येतात’ म्हणजे ती तत्त्वचिंतन करीत नसते. ती बुडत असते.

हेच गाऱ्हाणे भाषांतरातून गेले म्हणजे काय उरते? डोकेदुखी, अशक्तपणा, छातीत धडधड. मग लोहाच्या गोळ्या, जीवनसत्त्वाची सुई, आणि ‘काही नाही, जरा विश्रांती घ्या’. असे वर्ष जाते, दोन वर्षे जातात, आणि एके दिवशी शेतातल्या कीटकनाशकाची बाटली हाताशी येते.

भाषांतर कोण करतो, हाही प्रश्न लहान नाही. सरकारी दवाखान्यात दुभाष्याची जागा नसते. ते काम बरोबर आलेला माणूस करतो. बहुधा तो नवरा असतो, किंवा सासू, किंवा कानडी शाळेत जाणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा. बाईच्या दुखण्याचे मूळ नवऱ्याच्या दारूत असेल, तर ते नवऱ्याच्या तोंडून डॉक्टरपर्यंत कसे जाणार? सासूविषयीचे वाक्य सासूने भाषांतरित करावे, अशी अपेक्षा कोणता शहाणा करील? आणि ‘मला जगावेसे वाटत नाही’ हे आईचे वाक्य पोराने डॉक्टरला कानडीत सांगावे, हा तर त्या पोरावरच अत्याचार आहे. परंतु हे रोज घडते, आणि केसपेपरवर त्याची खूण उमटत नाही. तेथे एवढेच असते की रुग्ण कमी बोलते.

‘कमी बोलते’ हेही मनोविकाराचे एक लक्षण मानले जाते, ही त्यातली आणखी मौज! रुग्णाच्या तपासणीत डॉक्टर एखाद्या म्हणीचा अर्थ विचारतात. माणसाला अमूर्त विचार करता येतो की तो शब्दशः अर्थालाच चिकटून राहतो, हे त्यावरून पाहावयाचे असते. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणजे काय, असे विचारले तर आपल्याकडील निरक्षर म्हातारीही हसून उत्तर देईल. तिला परभाषेतली म्हण घातली तर ती बावचळेल, आणि तिचे बावचळणे बुद्धीच्या खाती मांडले जाईल. उलट अंगाने हेही खरे की जत किंवा अक्कलकोट तालुक्यातला कानडी शेतकरी सांगली-सोलापूरच्या मराठी दवाखान्यात अगदी असाच बावचळत असेल. हा दोष एका राज्याचा नाही. ज्या कोणी प्रशासनाची भाषा आणि रुग्णाची भाषा एकच आहे असे गृहीत धरले, त्या सर्वांचा आहे.

सीमाभागातली पुष्कळ माणसे दोन्ही भाषा बोलतात, मग अडचण कोठे आली, असे कोणी म्हणेल. बाजारात भाव ठरविण्याची भाषा माणसाला पाच वर्षांत येते. कचेरीत अर्ज देण्याची भाषाही येते. पण जी भाषा आईच्या मांडीवर शिकलो नाही त्या भाषेत रडता येत नाही, शिवी देता येत नाही आणि लाजेची गोष्ट सांगता येत नाही. ज्यांनी परप्रांतात आयुष्य काढले त्या आपल्या वाचकांना याहून अधिक पुरावा द्यावयास नको.

दवाखान्यात जे मिळत नाही ते माणसे अन्यत्र शोधतात. या भागातले रुग्ण नरसोबाच्या वाडीला नेतात, गाणगापूरला नेतात, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलतात. अंगात येणे, करणी, भानामती, बाहेरची बाधा, असे शब्द आपल्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत. सुशिक्षित मंडळी याला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकतात. माझे मत जरा निराळे आहे. तेथे उपचार होत नाही, हे उघड आहे. छिन्नमनस्कतेचा रुग्ण पालखीने बरा होत नाही, आणि औषधाला जितका उशीर होईल तितके नुकसान वाढत जाते. साखळदंडाची तर गोष्टच नको. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे एका आश्रमाला आग लागली तेव्हा खांबांना साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत. 28 माणसे त्यात गेली. पण माणसे तेथे का जातात? कारण तेथे त्यांची भाषा बोलली जाते. ‘काही दिसते का, कोणाचे नाव तोंडात येते का’, असे कोणीतरी बसून विचारते. घाई नसते. आणि रुग्णाबरोबर घरचे माणूस राहू शकते.

या शेवटच्या गोष्टीचे मोल एका डॉक्टराने फार पूर्वी ओळखले होते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 नंतरच्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना इस्पितळाच्या आवारातच तंबूंत राहावयास सांगितले. पश्चिमेत त्या काळी रुग्णाला घरापासून तोडणे हीच रीत होती. अमृतसरला आया-बहिणी आपल्या माणसाला जेवू घालीत, डॉक्टरचे बोलणे ऐकत, दुखणे समजून घेत, आणि रुग्ण लवकर घरी जात. पुढे वेल्लूरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातही कुटुंबाला बरोबर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्यासारख्या देशात कुटुंब हाच सर्वांत मोठा वॉर्ड आहे, हे अमृतसरच्या तंबूंनी दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने 1960-70 च्या सुमारास नऊ देशांत छिन्नमनस्कतेचा अभ्यास केला, त्यात आग्रा हे एक केंद्र होते. भारत आणि नायजेरिया यांसारख्या देशांतले रुग्ण दोन वर्षांनंतर श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळले. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि त्यावरून आपण फुशारून जाण्याचे कारण नाही. कुटुंब आधार देते तसे ते कोंडूनही ठेवते.

मग या भाषेच्या प्रश्नाला उपाय काय? मराठी बोलणारे मनोविकारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात आणून बसवा, असे म्हणणे सोपे आहे. पण जेथे कोणत्याही भाषेचे तज्ज्ञ पुरेसे नाहीत तेथे तो हट्ट ठरेल. अधिक व्यवहार्य वाट इतर गरीब मुलखांनी दाखविली आहे. आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण बसभाड्याला पैसे नसल्यामुळे इस्पितळात येऊ शकली नाही आणि तिने जीव दिला. त्यानंतर त्यांनी 2006 साली हरारे शहराच्या एका वस्तीत चौदा आज्यांना थोडे शिक्षण देऊन दवाखान्याच्या अंगणातल्या बाकांवर बसविले. ज्याला बोलावयाचे असेल त्याने आजीशेजारी येऊन बसावे. आज्या ‘डिप्रेशन’ हा शब्द वापरीत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ फार विचार करणे! निपाणीच्या बाईचे ‘नुसते विचार येतात’ आणि हरारेच्या बाईचे कुफुंगिसिसा यांच्यामध्ये एक महासागर आहे, पण दुखणे सख्ख्या बहिणींचे आहे. या बाकांची शास्त्रीय कसोटी घेतली गेली आणि 2016 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांची लक्षणे इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेली होती.

इतके दूर जावयास नको असेल तर चोर्ला घाट उतरावा. गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था 1996 पासून काम करीत आहे. तिने डॉक्टर नसलेल्या, पण लोकांची बोली बोलणाऱ्या समुपदेशकांना शिकवून प्राथमिक दवाखान्यांत बसविले आणि निकाल 2010 मध्ये प्रसिद्ध केला. सरकारी आरोग्य केंद्रांत अशा समुपदेशकांची जोड मिळालेल्या रुग्णांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश सहा महिन्यांत बरे झाले. नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांत ते प्रमाण निम्म्याहून कमी होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही. याच वळणाचा प्रयोग पुढे विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस खेड्यांत झाला. तेथे गावचीच माणसे नैराश्य ओळखावयास आणि बोलते करावयास शिकली. दीड वर्षात उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण शेकडा चारवरून सत्तावीसपर्यंत गेले. ही मराठी खेडी आहेत, कापसाची आणि कर्जाची खेडी आहेत, आणि तेथले काम मराठीत झाले.

निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत असे काम करण्यास माणसे नाहीत असेही नाही. मराठी वस्तीत आशा कार्यकर्ती मराठी बोलते, अंगणवाडीची सेविका मराठी बोलते. कोणत्या घरात कोण तीन महिने बाहेर पडलेले नाही, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना शिकविण्याची पुस्तिका आणि लक्षणांचा तक्ता त्यांच्या भाषेत मिळावा, तालुक्याच्या रुग्णालयात मंगळवारी नवरा-सासू सोडून तिसरे कोणी शेजारी बसून बोलणे पोचवावे, आणि औषध बेळगावला किंवा धारवाडला न जाता तालुक्यातच महिनोन्‌महिने मिळत राहावे, एवढीच मागणी आहे. औषधाची गोष्ट मी मुद्दाम लिहितो. मनोविकाराचे औषध बंद पडते ते बहुतेक वेळा अवज्ञेने नव्हे; एसटीच्या तिकिटाने आणि बुडालेल्या रोजाने बंद पडते.

या मागणीला कायद्याचा आधारही आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 पासून अंमलात आला. त्याने साखळीने बांधणे बंद केले, भूल न देता विजेचे झटके देणे बंद केले, आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार समजण्याऐवजी तो तीव्र मानसिक ताणाखाली होता असे मानावे असे सांगितले, आणि परवडणारा, जवळ मिळणारा उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला. त्याच कायद्यात रुग्णाच्या संमतीची व्याख्या दिली आहे. उपचाराची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने दिलेली असेल, तरच त्याची संमती ही संमती. सीमाभागात दुकानांच्या पाट्यांवरून, बसवरच्या अक्षरांवरून, सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून गेली कित्येक दशके केवढे रण माजले! त्या रणात दोन्ही बाजूंची डोकी फुटली. तपासणीच्या खोलीत प्रश्न कोणत्या भाषेत विचारतात, हे विचारावयास मात्र कोणी मोर्चा काढलेला माझ्या तरी स्मरणात नाही. पाटी न कळल्याने फार तर माणूस चुकीच्या गाडीत बसतो.

वृद्धांविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर आपल्या अनेक घरांवर अन्याय होईल. स्मृतिभ्रंशात माणूस नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी हरवितो आणि पहिल्या भाषेकडे परत जातो. चाळीस वर्षे हैदराबादेत तेलुगू आणि उर्दू बोललेली आजी एकाएकी माहेरच्या, निपाणीकडच्या मराठीत बोलू लागते, आणि मराठी न येणारी नातसून किंवा परिचारिका समजते की म्हातारी बडबडते आहे. ती बडबडत नसते. तिला पाणी हवे असते. पण दोन भाषांत जगण्याची एक जमेची बाजूही आहे. हैदराबादेत डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. निरक्षर माणसांतही हा फरक दिसला. म्हणून मुलांच्या तोंडची घरातली मराठी सुटू नये असे जे आपण भावनेच्या पोटी म्हणतो, त्याला आता थोडे शास्त्रही साहाय्य करते.

घरात कोणाला असा त्रास असल्यास काही गोष्टी आजच करता येतील. 14416 या क्रमांकावर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस आहे, आणि वीस भाषांपैकी मराठी ही एक आहे. आपण कोणत्याही राज्यातून बोलत असलात तरी भाषा निवडावी आणि हवी ती मिळेपर्यंत आग्रह धरावा. जिवाला धोका वाटत असेल तर मात्र फोनवर न थांबता जवळचे रुग्णालय गाठावे व रुग्णाला क्षणभरही एकटे ठेवू नये. डॉक्टरकडे जाताना बरोबर कोणी जावे हे रुग्णाला विचारूनच ठरवावे, आणि दुभाषा म्हणून घरातल्या मुलाला कदापि नेऊ नये. रुग्ण आपले दुखणे ज्या शब्दांत सांगतो, ते शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवून न्यावेत. त्यांची शुद्ध भाषा करू नये. पहिली पाच मिनिटे आपण बाहेर बसतो असे आपणच डॉक्टरांना सांगावे. औषधाची चिठ्ठी कोणत्याही लिपीत असो, औषधाचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख एका वहीत आपल्या अक्षरात लिहून ठेवावी. पुढचा डॉक्टर सीमेच्या कोणत्या बाजूला भेटेल, हे आधी सांगता येत नाही.